चाळीतील नळ आणि वीज

मुंबईच्या भाड्याच्या खोल्यांचा इतिहास सांगणाऱ्यांनी गिरण्या, संप, गणेशोत्सव आणि पागडी यांची दखल पुष्कळ घेतली. परंतु त्या खोलीच्या ज्या एका कोपऱ्यात पाण्याचा नळ आणि विजेची तार परस्परांच्या सन्निध आली, त्या मोरीकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळली. या दोन सोयी एकाच काळी, एकाच खात्याच्या हुकमाने किंवा एकाच मालकाच्या खर्चाने आल्या असत्या, तर त्यांच्या सान्निध्याचा विचार कोणीतरी केलाच असता.

नळ आधी आला. विहिरी आणि धोबी तलाव, गोवालिया तलाव यांसारखी तळी यांवर तहान भागविणाऱ्या या शहराला हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार बांधलेल्या विहार तलावाचे पाणी 1860 साली लोखंडी नळांतून मिळू लागले; तुळशीचे पाणी 1879 मध्ये आणि तानशाचे 1892 मध्ये आले. 1896 च्या प्लेगने दाट वस्तीचे भयंकर परिणाम दाखवून दिल्यावर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे 207 बी. डी. डी. चाळी उभारल्या. तेथील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. खाजगी चाळींतील खोल्या याहून फार मोठ्या होत्या असे नाही. पाणी प्रथम गॅलरीच्या टोकाला सामाईक नळावर येई आणि पुढे सवडीनुसार, मालकाच्या मर्जीनुसार, जस्ताचा मुलामा दिलेल्या नळांतून खोलीतल्या मोरीपर्यंत पोचे. नळ मालकाचा, इमला मालकाचा आणि दुरुस्तीही मालकाची, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

वीज त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने आली. 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये हा सारा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. चाळींत मात्र रॉकेलची चिमणी पुढे कित्येक वर्षे तेवत राहिली. जेव्हा दिवा आला, तेव्हा तो बहुधा मालकाने आणलेला नव्हता. भाडोत्र्याने आपल्या नावावर मीटर घेतला, वायरमनला बोलाविले आणि जिन्याखालच्या मीटरपासून आपल्या दारापर्यंत लाकडी पट्टीवर तारा ठोकून घेतल्या. अशा रीतीने एकाच खोलीत पाणी मालकाचे आणि वीज भाडोत्र्याची अशी विभागणी झाली, आणि दोहोंच्या मध्ये जी दोन हात भिंत होती ती कोणाच्याच दप्तरात नोंदली गेली नाही. पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ मला या विभागणीत दिसते.

त्या तारा दोनच होत्या. एका दिव्याला आणि पुढे आलेल्या रेडिओला दोन पुरत. तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेची आवश्यकता भासली ती इस्त्री, शेगडी आणि पाणी तापविण्याचा रॉड घरात आल्यावर. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जेथे सुरू होतो त्या स्थानापाशी, अर्थिंगचे टोक उपलब्ध करून द्यावे अशी तरतूद केली होती. परंतु ते स्थान म्हणजे तळमजल्यावरचा जिना. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडोत्र्याने तेथून वर तांब्याची तार आणावी कोणाच्या खर्चाने, आणि वाटेतल्या भिंतींना भोके पाडावीत कोणाच्या परवानगीने? वायरमनने यावर सोपा उपाय काढला. मोरीतला नळ लोखंडी आहे, तो थेट जमिनीत जातो, तेव्हा प्लगाची तिसरी तार त्याच्याभोवती चार वेढे देऊन गुंडाळली की काम झाले. त्या काळी ही युक्ती अगदीच अडाणीपणाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. अखंड धातूचा नळ मातीत खोल गेलेला असला तर तो जमिनीशी उत्तम संबंध जोडतो, आणि इतर देशांतही ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती.

पण ती युक्ती नळाच्या अखंडतेवर अवलंबून होती, आणि नळ बदलणाऱ्या प्लंबरला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गंजलेला तुकडा कापून पहिल्या मजल्यावर त्याने प्लॅस्टिकचा नळ जोडला की गळती थांबे, मालक प्रसन्न होई. आणि त्याच क्षणी वरच्या सर्व खोल्यांचे अर्थिंग कोणाच्या नकळत तुटे. यानंतर एखाद्या बिऱ्हाडातल्या हीटरचे आतले आवरण फुटले की 230 व्होल्टचा दाब जमिनीत न जाता वरच्या नळात साचून राही, आणि ज्याच्या घरात हीटरच नाही असा शेजारी पहाटे पाणी भरावयास गेला की त्याच्या बोटांना मुंग्या येत. 'नळाला करंट येतो' हे वाक्य जुन्या चाळींत अनेकांनी ऐकलेले आहे. स्नानाला बसताना लाकडी पाट घ्यावा, नळाला कोरड्या फडक्याने हात लावावा, टेस्टर लावून दिवा पेटतो का ते पाहावे, अशा तोडग्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे दिवस काढीत.

हा धोका किती सूक्ष्म आहे हे एका हिशेबावरून ध्यानी यावे. अँपिअरच्या विसाव्या हिश्श्याइतका प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. आणि मीटरजवळच्या चिनी मातीच्या कटआउटमधली साधी पाच अँपिअरची तार त्याच्या शंभरपट प्रवाहाच्या हिशेबाने घातलेली असते, म्हणजे माणूस मरेपर्यंत तिला काही कळत नाही. त्यात अंग ओले, पाय ओल्या फरशीवर, हात धातूच्या तोटीवर. याला वरच्या मजल्यावरच्या मोरीतून झिरपणाऱ्या पाण्याची जोड मिळाली, की रबर कडक होऊन तडकलेल्या जुन्या तारांची लाकडी पट्टी भिजे आणि ओली भिंतच झटका देऊ लागे. अर्थिंगविषयीच्या आय. एस. 3043 या भारतीय संहितेच्या 1987 च्या आवृत्तीने पाण्याचे नळ ग्राहकाच्या अर्थिंगसाठी वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. पण जुन्या मोरीतले वेढे सोडविण्यासाठी संहिता पुरेशी नसते.

मालकाने हे का पाहिले नाही, याचे उत्तर केवळ त्याच्या कृपणपणात शोधणे मला पटत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर 1940 मधले भाडे हेच प्रमाण ठरविले. त्याने लक्षावधी निर्धन कुटुंबांना छप्पर राखून दिले हे निर्विवाद, पण त्याच वेळी इमारतीची निगा राखण्याइतके उत्पन्नही मालकाच्या हाती उरले नाही. 1969 मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळाची तजवीज झाली; मंडळाचे लक्ष स्वाभाविकपणे खचणाऱ्या भिंती आणि तुळयांकडे राहिले. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात पाणी, वीज आणि जिन्यावरचे दिवे यांना अत्यावश्यक सेवा मानून त्या तोडण्यास मालकाला मनाई आहे; शिवाय, विरुद्ध करार नसेल तर, मालकाने दुरुस्ती न केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडोत्र्याने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे नाही, अशीही सवलत आहे. ज्या खोलीचे भाडे महिन्याला मोजकेच रुपये, तिच्या वार्षिक भाड्याच्या चौथाईत तीन मजल्यांची तांब्याची तार येत नाही. कायद्याने हक्क दिला, पण तो बजावण्याचे साधन दिले नाही, असेच माझे मत आहे.

म्हणून ज्यांच्या वाट्याला आजही अशी खोली आहे, त्यांनी मालकाच्या आणि मंडळाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. मोरीतल्या नळाभोवती तार गुंडाळलेली दिसली तर परवानाधारक वायरमनकडून ती सोडवून घ्यावी. मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांनी वर्गणी काढून जिन्याखालून एकच स्वतंत्र अर्थिंग वर आणावे आणि प्रत्येक मीटरपुढे 30 मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा, वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतात तो स्विच बसवावा. आणि नळाचा तुकडा बदलावयास प्लंबर आला, की त्याने करवत लावण्यापूर्वी त्या नळाला कोणाची तार जोडलेली आहे काय, हे प्रत्येक मजल्यावर जाऊन पाहावे, ही आग्रहाची विनंती.