इटरबीचा दगड, यकृताचा एमआरआय

नाशिकच्या द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. सिन्नरकडून तपासणीला आलेला माणूस इथूनच शहरात शिरतो. हातातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘यकृतात गाठ’ असेल, तर पुढचा सल्ला बहुधा ठरलेला असतो: डाय टाकून एमआरआय.

शिरेतून जाणाऱ्या या औषधात गॅडोलिनियम हा धातू असतो. त्याचं मूळ गाव स्वीडनमधलं इटरबी. तिथल्या खाणीतल्या काळ्या दगडाचं पृथक्करण फिनलंडच्या योहान गॅडोलिन यांनी १७९४ मध्ये केलं आणि त्या खनिजाला त्यांचं नाव मिळालं. १८८० मध्ये रसायनशास्त्रज्ञ मारिन्याक यांना नव्या मूलद्रव्याच्या वर्णरेषा दिसल्या. पुढे त्यालाही तेच नाव पडलं.

गॅडोलिनियमच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात लवकर पूर्वपदावर येतो आणि तेवढा भाग चित्रात उजळतो. पण सुटा आयन विषारी. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी तो डीटीपीए या रेणूच्या पकडीत बसवला. १९८८ मध्ये त्या औषधाला मान्यता मिळाली. मात्र ते पेशींच्या बाहेरूनच फिरून लघवीवाटे निघून जाई. मग त्याच रेणूला आणखी एक गट जोडला, आणि यकृताच्या पेशी तो आत घेऊ लागल्या. या गॅडोक्सेटेटचा निम्मा भाग पित्तावाटे जातो. त्याला पहिली मान्यता २००४ मध्ये मिळाली, तीही स्वीडनमध्येच.

खरी कसोटी चित्रं वाचण्यात आहे. यकृताला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. यकृतपेशींचा कर्करोग मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास ‘श्वास घ्या, सोडा, रोखून धरा’ असं सांगून जी चित्रं घेतात, त्यांत तो झळाळतो. मिनिटभराने बाकीचं यकृत उजळतं तेव्हा गाठ काळवंडते. हेमँजिओमा ही निरुपद्रवी गाठ कडेच्या ठिपक्यांपासून आत भरत जाते, पण गॅडोक्सेटेट वापरलं की नंतरच्या चित्रांत तीही काळपट दिसून चकवू शकते. धमनीचा क्षण मोजक्या सेकंदांचा असतो. श्वास सुटला, चित्र हललं, तर त्या इंजेक्शनपुरता तो गेलाच. टेबलावर झोपलेल्या घाबरलेल्या माणसाकडून श्वासाचा आधी सराव करून घेणारा तंत्रज्ञ माझ्या मते निदानाचं निम्मं काम करतो.

विसाव्या मिनिटाला यकृत पुन्हा बघतात. कामसू पेशींनी तोवर डाय साठवलेला असतो. ज्या गाठीत तशा पेशी नाहीत ती काळी उरते. जुन्या औषधाला हे जमत नव्हतं. म्हणूनच युरोपने २०१७ मध्ये डीटीपीएसारख्या सरळ साखळीच्या (लिनियर) रचनेच्या बहुतेक गॅडोलिनियम औषधांचा वापर थांबवला, तेव्हा गॅडोक्सेटेट यकृतासाठी राखून ठेवलं. तरी सिरोसिसने खचलेलं यकृत डाय नीट उचलत नाही, आणि काही कर्करोग उलट तो धरून ठेवतात. त्यामुळे अनुभवी रेडिओलॉजिस्ट विसाव्या मिनिटावरून पुन्हा मागे, धमनीच्या चित्रांकडे जातो आणि रुग्णाच्या जुन्या फिल्म मागवतो.