शालेय मंडळांची डेटाबेस प्रणाली

शालेय मंडळांची डेटाबेस प्रणाली म्हणजे शाळेतील विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय हरित सेना, स्काउट-गाइड पथक, राष्ट्रीय छात्रसेना इत्यादी सहशालेय गटांचे सदस्य, पदाधिकारी, उपक्रम व उपस्थिती यांच्या परस्परांशी जोडलेल्या नोंदी संगणकावर ठेवणारी व्यवस्था होय. या लेखात 'मंडळ' हा शब्द विद्यार्थ्यांचा गट या अर्थाने योजला आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारे राज्य मंडळ त्याहून वेगळे. उदाहरणे मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील शालेय व्यवहाराला धरून दिली आहेत.

नोंदींची गरज

मंडळाच्या नोंदी पूर्वापार प्रभारी शिक्षकाच्या वहीत राहत आल्या आहेत. शिक्षकाची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की वही कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मागे उरतो. स्नेहसंमेलनाच्या अहवालापुरते पाहिल्यास यात फारसे बिघडत नाही. परंतु काही मंडळांतील सहभागाला परीक्षेत व प्रमाणपत्रांत प्रत्यक्ष मोल असते. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत क्रीडा, छात्रसेना, स्काउट-गाइड यांतील विहित कामगिरीबद्दल सवलतीचे गुण मिळतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत पाठवावा लागतो. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या कनिष्ठ विभागात 'ए' प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण व किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. स्काउट-गाइड चळवळीतील राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार हेदेखील टप्प्याटप्प्याने, काही वर्षांच्या कामातून मिळणारे आहेत. मधल्या एका वर्षाची नोंद हरवली तर मुलाने केलेले काम नाहीसे होत नाही, पण ते सिद्ध करण्याचे साधन नाहीसे होते.

शाळा बदलणाऱ्या मुलांची अडचण त्याहून मोठी आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक यांच्या नोंदी असतात. मंडळाच्या सदस्यत्वासाठी तेथे स्वतंत्र रकाना नसतो. ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या कामासाठी आईवडिलांबरोबर गाव सोडणारी मुले वर्षाच्या मध्येच जातात आणि हंगाम संपल्यावर परत येतात. तिमाही गोळा केलेल्या यादीत अशी मुले कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्याला एक क्रमांक द्यावा आणि तो पुन्हा कोणाला देऊ नये, ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. विदर्भातील शाळांत ज्याला 'दाखल-खारीज रजिस्टर' म्हणतात, त्यात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला अनुक्रमांक मिळतो व मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक त्याचाच राहतो. डेटाबेसच्या परिभाषेत ज्याला 'प्राथमिक कळ' म्हणतात, ती हीच.

तक्त्यांच्या परस्परसंबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात केली. वस्तू व त्यांचे संबंध चित्ररूपाने दाखवण्याची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. शालेय प्रकल्पवह्यांत चौकोन व समभुज चौकोन काढून जी आकृती रेखाटली जाते, तिचे मूळ येथे आहे.

भारतात शाळांची माहिती गोळा करणारी यूडायस ही व्यवस्था २०१२-१३ पासून अस्तित्वात आहे. २०२२-२३ पासून तिच्या 'यूडायस प्लस' या रूपात विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये 'सरल' ही स्वतंत्र प्रणाली सुरू केली. या प्रणाल्यांचा उद्देश प्रशासकीय आहे. पटसंख्या, इयत्ता, सुविधा त्यांतून कळतात. मात्र विज्ञान मंडळाच्या सप्टेंबरमधील बैठकीला कोण आले होते, हे त्यांतून कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून मंडळांची नोंद शाळेने स्वतःच्या पातळीवर ठेवणे भाग पडते.

रचना

बहुतेक शाळा प्रथम स्प्रेडशीटकडे वळतात. एका ओळीत विद्यार्थ्याचे नाव, पुढे 'मंडळ १', 'मंडळ २', 'मंडळ ३' असे रकाने. पहिल्या वर्षी हे सोयीचे वाटते. चौथ्या मंडळात एखादी मुलगी गेली की रकाना वाढवावा लागतो, हरित सेनेची यादी काढायची तर तिन्ही रकाने चाळावे लागतात आणि पुढच्या वर्षी इयत्ता बदलली की गेल्या वर्षीची इयत्ता पुसली जाते. दोष स्प्रेडशीटचा नाही. एक विद्यार्थी अनेक मंडळांत असतो आणि एका मंडळात अनेक विद्यार्थी असतात. हा संबंध एका ओळीत मावत नाही, एवढेच.

यावरचा उपाय म्हणजे सदस्यत्वाला स्वतःचा तक्ता देणे. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, मंडळांचा दुसरा, आणि या दोहोंना जोडणारा सदस्यत्वाचा तिसरा. त्याच्या प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचा क्रमांक, मंडळाचा क्रमांक, शैक्षणिक वर्ष, त्या वर्षीची इयत्ता, सदस्यत्व सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख असते. संपूर्ण प्रणालीचा कणा हा तक्ता आहे. विद्यार्थी आणि मंडळ यांचे तक्ते कोणीही बनवतो. प्रणाली उपयोगी ठरणार की नाही, हे सदस्यत्वाच्या तक्त्यावर ठरते.

एकाच मुलाची नोंद एका मंडळात एका वर्षी दोनदा होऊ नये, असे बंधन घालण्याचा सल्ला पाठ्यपुस्तकी उदाहरणांत दिला जातो. येथे तो जसाच्या तसा चालत नाही. दिवाळीनंतर गाव सोडून गेलेला व फेब्रुवारी-मार्चमध्ये परतलेला विद्यार्थी एकाच वर्षी दोनदा सदस्य होतो. बंधन विद्यार्थी, मंडळ व वर्ष एवढ्यावरच घातले तर संगणक त्याची दुसरी नोंद नाकारील आणि नोंद करणारी व्यक्ती बहुधा पहिली नोंद खोडून काम भागवील. सदस्यत्व सुरू झाल्याची तारीखही बंधनात धरल्यास हा प्रश्न सुटतो. दोन कालावधी एकमेकांवर येत नाहीत ना, याची तपासणी मग वेगळी करावी लागते.

शैक्षणिक वर्षाचाही लहानसा तक्ता असावा. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात. वर्षाचा पहिला दिवस प्रणालीत कायमचा कोरून ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

उपक्रम आणि उपस्थिती यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. समजा, हरित सेना आणि भूगोल मंडळ यांची लोणार सरोवराला एकत्र भेट ठरली. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले हे सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आले, त्यामुळे दोन्ही मंडळांना ते आपलेच वाटते. ही भेट एका मंडळाच्या नावावर टाकली तर दुसऱ्याच्या वार्षिक अहवालातून ती गळते. दोन्हींच्या नावावर स्वतंत्रपणे टाकली तर शाळेच्या एकूण उपक्रमांत एक भेट जास्त मोजली जाते. उपक्रम आणि मंडळ यांच्यामध्येही जोडतक्ता लागतो तो यासाठी. छात्रसेनेच्या उपस्थितीची टक्केवारी काढताना वेगळीच चूक संभवते. अनेक जण फक्त हजर असलेल्यांची नोंद करतात आणि टक्केवारीसाठी भाजक म्हणून याच नोंदींची संख्या घेतात. मग प्रत्येकाची उपस्थिती शंभर टक्के निघते. भाजक हा झालेल्या कवायतींच्या तक्त्यातून, आणि तोही त्या मुलाच्या सदस्यत्वाच्या कालावधीपुरताच घ्यावा लागतो.

अध्यक्ष, सचिव, संघनायक ही पदे व प्रभारी शिक्षक यांच्या नोंदीही तारखांसह स्वतंत्र ठेवतात. जिल्हा परिषद शाळांत बदल्या होत असल्याने मंडळाच्या तक्त्यात 'प्रभारी' हा एकच रकाना ठेवला तर जुन्या सर्व उपक्रमांपुढे नव्या शिक्षकाचे नाव दिसू लागते. त्या शिक्षकालाही ते आवडत नाही.

शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची ओळ कधीही पुसू नये. सदस्यत्वाच्या ओळी तिच्यावर टेकलेल्या असतात. 'परकीय कळ' नावाचे बंधन घातलेले असेल तर डेटाबेस स्वतःच पुसण्यास नकार देतो. दाखल-खारीजमध्ये मूल गेल्यावर 'खारीज' असा शेरा पडतो, पान फाडले जात नाही, हाच न्याय येथेही लागू होतो.

क्रमांक, नावे आणि लिपी

दाखल-खारीज क्रमांक एका शाळेपुरताच एकमेव असतो. तालुक्यातील अनेक शाळांची मिळून प्रणाली करायची असल्यास त्याला शाळेचा यूडायस सांकेतांक जोडतात. हा सांकेतांक ११ अंकी असून त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे असतात; बुलढाणा जिल्ह्यातील शाळांचे सांकेतांक २७०४ ने सुरू होतात. असे क्रमांक संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही, आणि स्प्रेडशीट लांब संख्या घातांकाच्या रूपात दाखवून गोंधळ उडवते.

नावावरून ओळख ठरवणे अविश्वसनीय असते. जिल्ह्याचे नावच 'बुलढाणा' आणि 'बुलडाणा' अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. 'जळगाव' एवढेच लिहिले तर जळगाव जामोद तालुका की शेजारचा जळगाव जिल्हा, हे कळत नाही. गाव व तालुका यांची नावे टंकित न करता ठरलेल्या यादीतून निवडायला लावणे हा यावरचा रूढ मार्ग आहे. मुलांच्या नावांत आडनाव आधी की शेवटी, आईचे नाव कोठे, यांतही एकवाक्यता नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्रात नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले शाळेत येतील तेव्हा आईच्या नावाचा रकाना आधीपासून असलेला बरा.

देवनागरीच्या काही खाचाखोचा वेगळ्याच आहेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वी आणि काही कळफलकांवर अजूनही ते 'अ' व चंद्र जोडून उमटते. 'ॲथलेटिक्स' हा शब्द दोन्ही प्रकारे सारखाच दिसतो, शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. 'ळ' हा वर्ण युनिकोडच्या सांकेतांकांच्या क्रमात 'ल'च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो; साहजिकच कच्च्या क्रमाने काढलेली हजेरी मराठी डोळ्यांना चुकीची दिसते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत केलेल्या याद्या युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय निरुपयोगी ठरतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे.

साधने

एका शाळेपुरत्या प्रणालीसाठी लिब्रेऑफिस बेस, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा एसक्यूलाइट पुरेसे आहे. एसक्यूलाइटचा सगळा डेटाबेस एका फाइलीत राहतो व त्याला सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. नोंद चालू असताना वीज गेली तर अर्धवट व्यवहार रद्द होऊन फाइल पूर्वस्थितीत येते. ग्रामीण शाळेच्या दृष्टीने हा गुण इतर अनेक गुणांहून मोलाचा आहे. अनेक शाळांसाठी मायएसक्यूएल वा पोस्टग्रेएसक्यूएल वापरतात.

गोपनीयता

सदस्य अल्पवयीन असल्याने माहिती जितकी कमी तितकी सुरक्षित. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि काही सवलती वगळता तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. वाङ्मय मंडळाची यादी ठेवण्यासाठी आधार क्रमांक, जात किंवा बँक खाते यांची गरज नसते. तरीही शासकीय तक्त्यांच्या सवयीने हे रकाने पुष्कळदा मंडळाच्या अर्जात शिरतात. मंडळाचा विद्यार्थी-सचिव उपस्थिती भरत असेल तर त्याला फक्त आपल्या मंडळाची नावे दिसावीत, इतरांचे दूरध्वनी क्रमांक दिसू नयेत, अशी परवानगी ठरवता येते.

जतन व हस्तांतरण

डेटाबेसची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या साधनावर काढून ती शाळेबाहेर सुरक्षित ठेवण्याची शिफारस केली जाते. प्रत उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी पाहावे लागते. संकेतशब्द एकाच शिक्षकाला ठाऊक असेल तर वहीच्या काळातील किल्लीचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. म्हणून तो लखोट्यात बंद करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात देतात. वर्षाखेरीस सदस्यत्वाचा तक्ता कागदावर छापून, त्यावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेऊन तो दाखल-खारीज रजिस्टरसोबत ठेवला जातो. शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातील त्याच्या नोंदींचा उतारा दाखल्याबरोबर देता येतो.