मत कुजविणे : दोन मतपत्रिका, दोन पराभव आणि एक नकार

१/
'मत कुजविणे' हा शब्दप्रयोग आजच्या तरुण वाचकांच्या कानावर क्वचितच पडतो. १९५०च्या दशकात मात्र तो मुंबईच्या गिरणगावापासून विदर्भातील खेड्यांपर्यंत प्रचारसभांत ऐकू येई. या शब्दामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लोकसभेच्या निवडणुकीतील पराभव आहे, आणि दोन वर्षांनी त्यांनी दिलेला एक नकारही आहे. ही कथा समजून घ्यायची तर आधी तेव्हाची मतदानपद्धती समजून घ्यावी लागेल.

२/
ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार १७ कोटींहून अधिक आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न साधा होता : ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने आपला उमेदवार ओळखावा कसा?

३/
उत्तर होते पेटी. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवली जाई आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे विळा-कणीस, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. एक रुपयाच्या नोटेएवढ्या मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या होत्या. मतदाराने पत्रिकेवर काहीही खूण करायची नव्हती. ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकली की मत झाले.

४/
आता यातला महत्त्वाचा भाग. लोकसभेच्या निवडून द्यावयाच्या ४८९ जागांसाठी मतदारसंघ मात्र ४०१च होते. त्यांतील ३१४ एकसदस्य, ८६ द्विसदस्य आणि १ त्रिसदस्य. द्विसदस्य मतदारसंघात सर्वसाधारणपणे एक जागा खुली आणि दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे. सर्व मतदार दोन्ही जागांसाठी मतदान करीत. म्हणजे प्रत्येकाच्या हाती दोन मतपत्रिका येत.

५/
ही रचना आकाशातून पडलेली नव्हती. १९३२च्या पुणे कराराने अस्पृश्य समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघांची कल्पना मागे पडली आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. तेव्हापासून बाबासाहेबांना एक शंका छळत राहिली : राखीव जागेवर निवडून येणारा माणूस जातीने अस्पृश्य असेल, पण त्याला निवडणारे बहुसंख्य मतदार सवर्ण असतील, मग तो बोलेल कोणाच्या वतीने?

६/
१९३७च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात या शंकेवर काही प्रमाणात उतारा होता. तेथे बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. अल्पसंख्य समाजाने एकजुटीने असे केले, तर त्याचा खरा प्रतिनिधी निवडून येण्याची शक्यता वाढे. त्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला मुंबई इलाख्यात लक्षणीय यश मिळाले.

७/
१९५२मध्ये नियम बदललेला होता. मतदाराला दोन मते होती, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच देता येत. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतील एकच धरली जाई, दुसरी बाद होई. हेच 'मत कुजविणे'. आपल्या उमेदवाराला त्याने एक मतही अधिक मिळत नसे. पण आपले दुसरे मत प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडणार नाही, याची खात्री होई. पंधरा वर्षांपूर्वी जी कृती दुर्बलांचे हत्यार होती, तीच आता अडवणुकीचे साधन बनली.

८/
मुंबई शहर (उत्तर) हा असाच द्विसदस्य मतदारसंघ होता. जानेवारी १९५२मध्ये तेथे काँग्रेसतर्फे खुल्या जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर उभे होते. समोर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर अशी जोडी होती. दोन पक्षांचा समझोता झाला होता : एकमेकांच्या मतदारांनी दुसरे मत एकमेकांच्या उमेदवाराला द्यायचे. याच रिंगणात कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगेही होते.

९/
डांगे आणि आंबेडकर यांचे नाते गुंतागुंतीचे होते. गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नाही, या प्रश्नावरून १९२८च्या संपाच्या काळापासून दोघांत वाद होता. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात दोन्ही प्रवाह खांद्याला खांदा लावून उतरले होते. १९५१पर्यंत अंतर पुन्हा वाढले. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कम्युनिस्ट पक्षाशी सहकार्य नाही, असे स्पष्ट लिहिले होते. संसदीय लोकशाहीवर त्या पक्षाचा विश्वास नाही, हे त्याचे कारण.

१०/
निकाल असा लागला :
गांधी (काँग्रेस) : १,४९,१३८
मेहता (समाजवादी) : १,३९,७४१
काजरोळकर (काँग्रेस) : १,३८,१३७
आंबेडकर (फेडरेशन) : १,२३,५७६
डांगे (कम्युनिस्ट) : ९६,७५५
उर्वरित उमेदवार बरेच मागे राहिले. राखीव जागा काजरोळकरांना आणि खुली जागा गांधींना मिळाली. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. काजरोळकरांहून अधिक मते मिळवूनही मेहता घरी बसले, कारण राखीव जागेसाठी ते पात्रच नव्हते.

११/
हे आकडे जरा थांबून वाचण्यासारखे आहेत. काँग्रेसच्या जोडीत राखीव जागेचा उमेदवार आपल्या सहकाऱ्यापेक्षा ११,००१ मतांनी मागे आहे. समाजवादी-फेडरेशन जोडीत हे अंतर १६,१६५ आहे. पक्ष वेगळे, विचार वेगळे, उमेदवारांच्या उंचीत तर जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोन्ही जोड्यांत अनुसूचित जातीचा उमेदवारच मागे पडला. मतपेटी कारण सांगत नाही, हे खरे. पण पक्षाची आज्ञा मतदान केंद्राच्या पडद्याआड कुठवर पाळली जाते, हा प्रश्न हे आकडे विचारतात.

१२/
त्याहून बोलका आकडा बाद मतांचा आहे. या एका मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. पराभवाचे अंतर साडेचौदा हजारांचे. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. मतदारांना दोन्ही मते एकाच पेटीत टाकण्यास, म्हणजेच दुसरे मत कुजविण्यास सांगण्यात आले, असा त्यांचा आक्षेप होता आणि त्याचा रोख डांगे यांच्या बाजूच्या प्रचारावर होता. याचिकेने निकाल बदलला नाही. गांधी आणि काजरोळकर हेच पहिल्या लोकसभेत बसले.

१३/
येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. बाद झालेली प्रत्येक पत्रिका कटाने बाद झाली, असे म्हणता येणार नाही. लक्षावधी माणसे आयुष्यात पहिल्यांदा मत देत होती. हातात दोन कागद, समोर पेट्यांची रांग. त्यांतल्या अनेकांचा गोंधळ झाला असणारच. आणि ती सर्व मते नीट पडली असती, तरी ती बाबासाहेबांच्याच पेटीत गेली असती, याची हमी कोण देणार? इतके मात्र म्हणता येते : जेथे मतदाराला पद्धत समजावून देणे हे प्रत्येक पक्षाचे पहिले काम होते, तेथे ती वाया कशी घालवावी, याचाही प्रचार झाल्याचा आरोप करण्याची वेळ घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षावर आली.

१४/
त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. पण लोकांतून निवडून येण्याची इच्छा मावळली नव्हती. १९५४मध्ये भंडारा येथे लोकसभेची पोटनिवडणूक लागली. हाही द्विसदस्य मतदारसंघ. राखीव जागेवर बाबासाहेब, खुल्या जागेवर पुन्हा अशोक मेहता, आता प्रजा समाजवादी पक्षातर्फे. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार होते भाऊराव बोरकर.

१५/
मुंबईचा अनुभव ताजा होता. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्यांच्या आठवणींत पुढचा प्रसंग नोंदला गेला आहे. कार्यकर्त्यांनी हिशोब मांडला : आपल्या लोकांनी फक्त हत्तीच्या पेटीत मत टाकावे आणि दुसरे मत कुजवावे. सवर्ण मतदार बाबासाहेबांना दुसरे मत देतील, याचा भरवसा नाही. मग आपण तरी त्यांच्या उमेदवाराला का द्यावे? जे शस्त्र आपल्यावर चालवले गेले, ते आपण का उचलू नये?

१६/
बाबासाहेबांनी नकार दिला. राज्यघटना घडविणाऱ्याने मतदानाचा हक्क वाया घालवा असे लोकांना सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा पराभव पत्करलेला बरा, अशी त्यांची भूमिका होती. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्यानंतर ते लोकसभेची निवडणूक लढले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

१७/
या नकाराकडे केवळ भक्तिभावाने पाहू नये. व्यक्तिपूजा राजकारणात अधोगतीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनीच दिला होता. म्हणून कार्यकर्त्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मतदाराने दुसरे मत न देणे हा कायद्याने गुन्हा नव्हता. शिवाय, ज्या समाजाला मताचा हक्कच कालपरवा मिळाला, त्यानेच नियमांचे सोवळे पाळावे आणि इतरांनी पाळू नये, हा कुठला न्याय? हा युक्तिवाद पोकळ नाही.

१८/
बाबासाहेबांच्या भूमिकेचे वजन दुसऱ्या पारड्यात आहे. समझोता केला म्हणजे सहकारी पक्षाला दिलेला शब्द आला. मेहतांना मत देऊ नका असे गुपचूप सांगणे म्हणजे तो शब्द मोडणे. आणि आज 'कुजवा' असे शिकवलेला मतदार उद्या आपल्या मताकडे काय म्हणून पाहणार? शतकानुशतके ज्यांना मोजलेच गेले नाही, त्यांच्या हाती प्रथमच मोजली जाणारी वस्तू आली होती. ती स्वतःच्या हाताने रद्द करण्याची सवय लावणे, ही किंमत त्यांना एका जागेपेक्षा मोठी वाटली असावी.

१९/
पुढे काय झाले? १९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात झाली. फेडरेशन आणि कम्युनिस्ट दोघेही आता संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. मुंबई शहर (मध्य) या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे निवडून आले आणि त्यांच्याबरोबर राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने! पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांत कुजलेल्या मतांवरून याचिकेपर्यंत प्रकरण गेले होते, त्यांचे उमेदवार एकाच मतदारसंघाचे खासदार झाले. पक्षांची वैरे किती अल्पायुषी असतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

२०/
द्विसदस्य पद्धतही फार टिकली नाही. १९५७मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि खुल्या जागेचे दावेदार, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९मध्ये न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. राखीव जागेचा उमेदवार अधिक मते मिळवून खुली जागाही जिंकू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९६१मध्ये संसदेने कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले.

२१/
आज लोकसभा आणि विधानसभेसाठी आपल्याला एकच मत असते. महाराष्ट्रात मुंबई वगळता इतर महापालिकांच्या बहुसदस्य प्रभागांत मात्र एका मतदाराला अजूनही अनेक मते द्यावी लागतात. तेथे प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे असल्याने जुन्या अर्थाने मत कुजविता येत नाही. शब्द गेला, वृत्ती गेली का? विरोधकाची मते फोडण्यासाठी नामसाधर्म्य असलेला उमेदवार उभा करणे, अमुक वस्तीतील मतदान कमी व्हावे म्हणून खटपट करणे, ही त्याच वृत्तीची भावंडे आहेत.

२२/
कोणत्याही पक्षाचे असा, निवडणुकीच्या तोंडावर प्रचाराचा एखादा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी एवढे तपासून पाहा : तो कोणाला मत द्या असे सांगतो, की कोणाचे मत निष्फळ करा असे सुचवतो? पहिले पक्षकार्य आहे आणि त्यात गैर काही नाही. दुसऱ्याला १९५४मध्ये भंडाऱ्यात, पराभव समोर दिसत असताना, नाही म्हटले गेले होते.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना पेट्यांवरच्या चिन्हांची ती मतदाने आठवत असतील किंवा त्यांनी ऐकलेली असतील, तर त्यांना आवर्जून विचारा आणि खाली लिहा. थ्रेड समाप्त.