लग्नगडी

लग्नासाठी घेतलेले कर्ज फिटेपर्यंत सावकार-जमीनदाराच्या घरी राबणारा आदिवासी मजूर. ही पद्धत जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत १९४५ पर्यंत उघडपणे चालू होती. आजचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगावात मोडत असे. १९६० मध्ये उंबरगावचा बराच भाग गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. लग्नगडी बहुतेक वारली समाजाचे असत.

वारल्यांच्या लग्नाला मुलीकडच्यांना द्यायचे देज, धान्य आणि पाहुण्यांची ताडी-दारू एवढा खर्च लागे. ज्यांना तो झेपत नसे अशी कितीतरी जोडपी लग्नावाचूनच एकत्र राहत आणि पुढे कधीतरी लग्न लावून घेत. बाकीचे सावकाराच्या दारात जात. रक्कम पन्नास-शंभर रुपयांच्या आसपास असे. तिच्यापोटी नवरा मालकाचा गडी होई आणि बायकोलाही त्याच घरी राबावे लागे. मजुरी म्हणून पोटापुरते धान्य मिळे. हिशेब मालकाच्या वहीत आणि गड्याला वाचता येत नसे, त्यामुळे कर्ज फिटल्याचे सांगणारे कोणीच नव्हते. बाप मेला की मुलगा त्याच कर्जावर कामाला लागे. गड्यांच्या बायकांवर मालक शारीरिक हक्क सांगत, हेही किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

मालकाची सत्ता एवढी अनिर्बंध झाली, कारण जमीन, कर्ज आणि रोजगार या तिन्ही गोष्टी त्याच्याच हाती होत्या. एकोणिसाव्या शतकात नवी महसूल व्यवस्था आल्यावर वारल्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या आणि मूळचे कसणारे कूळ झाले. तोच जमीनदार मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताचा व्यापार करी, जंगलतोडीचा ठेकाही घेई. वेठ मात्र गडी नसलेल्या कुळांनाही चुकत नव्हती. पावसाळ्यात आधी मालकाच्या शेताची आवणी करायची आणि मगच स्वतःच्या शेताकडे वळायचे, तोवर हंगाम हातचा गेलेला असे. हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर १९३९ च्या सुमारास दिलेल्या अहवालात ही गुलामी नोंदवलेली आहे. त्यानंतरही ती तशीच चालू राहिली.

ती मोडली ती गड्यांनीच. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला किसान सभा या शेतकरी संघटनेचे अधिवेशन भरले. उंबरगाव भागातून गेलेल्या मोजक्या वारल्यांमध्ये माह्या धांगडा होते आणि त्यांनी तिथे आपल्या माणसांची कैफियत मांडली. त्यानंतर सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही, बारा आणे रोजाखाली मालकाच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे त्या सभेत ठरले. मग लोक किसान सभेचा लाल बावटा घेऊन गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या घरांतून सोडवून आणू लागले. त्यासाठी ना कोर्टाचा हुकूम होता, ना कायद्याचे कलम. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

मालकांकडून उत्तर ऑक्टोबरमध्ये आले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन तलवाड्याला जमा, अशी अफवा वारल्यांत पसरवण्यात आली आणि पोलिसांना मात्र आदिवासी लुटीसाठी जमल्याचे कळवण्यात आले. १०-११ ऑक्टोबरला तलवाड्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होते. तरीही तेव्हा चालू असलेला गवतकापणीचा संप मोडला नाही. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये ही मागणी होती. कापणीचे दिवस थोडे असतात आणि उभे गवत वाळून गेले तर व्यापार बुडतो, म्हणून अखेर मालक नमले. पुढच्या वर्षी जंगलकामगारांनी संप करून रोज सव्वा रुपया मिळवला.

या लढ्याच्या इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०). त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शामरावांची ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही पुस्तिका १९४७ ची. आदिवासी मजूर आणि त्याचे मालक हा विषय पडद्यावर आला तो गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०), विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून. त्यातला लहान्या भिकू खटला चालू असताना अवाक्षर काढत नाही. झरीच्या माणसांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे आणि तिच्यावरही तेवढ्याच ताकदीचा चित्रपट व्हायला हवा.

वेठबिगार कायद्याने बंद झाली ती ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या अधिनियमाने, म्हणजे झरीनंतर तीस वर्षांनी. त्यानंतरही वसई तालुक्यात वेठबिगारांच्या सुटकेसाठी सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित यांना काम उभे करावे लागले आणि त्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना निघाली. आजही पालघरमधली आदिवासी कुटुंबे लग्नासाठी किंवा आजारपणात बयाणा उचलतात आणि तो फेडायला दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. उचललेल्या पैशापोटी मजुराचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गेले तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारच ठरते. कर्ज आपोआप रद्द होते आणि मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क असतो.