भाकरी सोडावी, मोजावी की वेळेत खावी? वजन घटवण्याच्या योजनांचा इतिहास

#थ्रेड

१. सोलापूरची नवी पेठ ही खरेदीची पेठ. माल पारखावा, चार दुकाने फिरावीत, मगच पैसे मोजावेत, ही पेठेतली जुनी रीत. वजन घटवण्याची ‘योजना’ विकत घेताना मात्र ही रीत आपण विसरतो. या थ्रेडमध्ये दीडशे वर्षांतील प्रमुख योजना एकाच मापाने तोलून पाहू. माप सोलापूरचेच आहे: ज्वारीची भाकरी. प्रत्येक योजना तिचे काय करते?

२. आरंभ १८६३ चा, लंडनचा. विल्यम बँटिंग हा अंत्यविधींची व्यवस्था पाहणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. वजन २०२ पौंड. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर सोडली. वर्षभरात सुमारे ४६ पौंड उतरले. हा अनुभव त्याने पुस्तिकारूपाने छापला व पहिल्या प्रती फुकट वाटल्या. भाकरीबाबत त्याचा निकाल स्पष्ट असता: वर्ज्य.

३. त्यानंतर अवघ्या १४ वर्षांनी सोलापूर जिल्हा १८७६-७८ च्या दुष्काळात होरपळत होता. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी ती नाकारली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ते एक पौंड धान्य आजच्या हिशेबाने सुमारे १,६०० उष्मांकांचे. हा आकडा लक्षात ठेवावा.

४. अन्न उष्मांकांत मोजण्याचे शास्त्र रुजवले अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी, १८९० च्या दशकात. हेतू होता कामगाराला कमी पैशांत पुरेसे पोषण कसे मिळेल हे शोधण्याचा. १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी हेच माप वजन घटवू पाहणाऱ्या स्त्रियांच्या हाती दिले आणि त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. त्यांच्या पद्धतीत भाकरी चालते, पण मोजून.

५. पुढची पायरी डब्याची. १९५९ मध्ये मीड जॉन्सन कंपनीने ‘मेट्रेकल’ बाजारात आणले. जेवणाऐवजी पावडर पाण्यात कालवून प्यायची. दिवसभराचे उष्मांक ९००. टेंपल यांच्या मजुरीतल्या धान्याहूनही कमी! ते बळाने लादले गेले होते, हे लोकांनी पैसे देऊन स्वीकारले. भाकरीचा येथे प्रश्नच उरला नाही.

६. आता सर्वांत बोलके उदाहरण. न्यूयॉर्कच्या गृहिणी जीन नायडेच यांना शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात आहाराचा एक तक्ता मिळाला. तक्ता सरकारी, फुकट. १९६१ मध्ये त्यांनी मैत्रिणींना घरी जमवून तो एकत्र पाळायला सुरुवात केली. १९६३ मध्ये त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यकंपनीने ती विकत घेतली.

७. म्हणजे कंपनी विकत काय होती? तक्ता तर फुकटच होता. लोक पैसे देत होते ते दर आठवड्याच्या बैठकीचे, वजनकाट्यावर उभे राहण्याचे आणि सोबतीचे.

८. १९७२ मध्ये न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी बँटिंगचाच धागा पुन्हा उचलला: कर्बोदके तोडा, मेद चालेल. भाकरी पुन्हा हद्दपार. पुस्तकापाठोपाठ कंपनी आली, तिची उत्पादने आली. २००५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. लाट ओसरली होती.

९. भारतात १९८९ मध्ये दिल्लीत वंदना लुथ्रा यांनी ‘व्हीएलसीसी’ सुरू केली. उदारीकरणानंतर परदेशी पावडरींचे डबेही आले. महाराष्ट्राने मात्र एक वेगळीच वाट पाहिली.

१०. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार घरोघरी नेला: दोनच जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. शुल्क नाही, डबा नाही. प्रसार व्याख्याने आणि व्हॉट्सॲप गटांतून. भाकरी चालते, फक्त त्या ५५ मिनिटांत.

११. दुसऱ्या टोकाला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक २००९ चे. दर दोन तासांनी थोडे खा, स्थानिक धान्य खा, तुपाला भिऊ नका, हा त्यांचा आग्रह. येथे मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी सन्मानाने ताटात परतली.

१२. दोनदा की दर दोन तासांनी? २०१८-१९ च्या सुमारास या प्रश्नावर मराठी घरांत अक्षरशः दोन पक्ष पडले. दोन्ही बाजूंकडे वजन उतरलेली खरी माणसे होती. मग खरे कोण?

१३. अशा तुलनेचे एक उत्तर २००५ मध्ये बोस्टनहून आले. १६० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार योजनांत वाटले: ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स, ऑर्निश. वर्षाअखेर सरासरी घट २.१ ते ३.३ किलोच्या दरम्यान. योजनांमधला फरक नगण्य. ज्यांनी आपली योजना नेटाने पाळली त्यांचे वजन अधिक उतरले, मग योजना कोणतीही असो. ॲटकिन्स व ऑर्निश या गटांतले जवळपास निम्मे लोक वर्षाआधीच गळाले.

१४. २०१४ मध्ये ४८ चाचण्या, ७,२८६ माणसे एकत्र तपासली गेली. कमी कर्बोदके विरुद्ध कमी मेद: सहा महिन्यांनंतरचा फरक एका किलोहूनही कमी.

१५. जाहिरात मात्र उरलेल्या त्या थोड्या यशस्वींचीच छायाचित्रे छापते. गळालेला माणूस ‘माझ्यातच दम नाही’ म्हणत स्वतःला दोष देतो आणि पुढच्या योजनेचे पैसे भरतो. धंदा चालतो तो या अपराधी भावनेवर.

१६. म्हणून पेठेतली रीत येथेही पाळावी. तीन प्रश्न विचारावेत. पैसे नेमके कशाचे: माहितीचे, डब्याचे की सोबतीचे? सुरुवात केलेल्यांपैकी वर्षभर टिकले किती? आणि माझ्या घरात रोज शिजणारे अन्न या योजनेत बसते का? मधुमेह किंवा अन्य औषधे चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

१७. बँटिंगपासून आजवर दोषी पदार्थाचे नाव बदलत गेले: कधी पाव, कधी तूप, कधी जेवणांची संख्या. जी योजना पाच वर्षांनंतरही आपल्या ताटात टिकेल, तीच विचारात घ्यावी. तुमच्या घरात आजवर कोणकोणत्या योजना आल्या, आणि त्यांतली किती दिवस टिकली? खाली जरूर लिहा.