चारचौघांत वागण्याची विद्या : जांब आणि दासबोध

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे रामनवमीला जमणारा भाविक त्याच नात्याने तेथे येतो; परंतु माणसाने माणसांत कसे वागावे याचे शिक्षण मराठी मुलखात कोणत्या वाटांनी होत गेले, हे शोधणाऱ्या अभ्यासकालाही या गावापाशी थांबावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये शालेय शिक्षणासाठी सांगितली, त्यांत समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याची स्थिती जाणणे, परिणामकारक संवाद आणि परस्परसंबंध राखणे यांचा समावेश होता. याच गुणांचा तपशीलवार विचार रामदासांच्या सतराव्या शतकातील दासबोध या ग्रंथात ‘चातुर्य’ या नावाखाली आलेला आहे, आणि तो करणारा लेखक वयाच्या बाराव्या वर्षी घर सोडून गेलेला होता, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

जांब हे पूर्वी अंबड तालुक्यात आणि औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते त्यात आले. येथील ठोसर घराण्याकडे गावचे कुळकर्ण होते, असे परंपरा सांगते. कुळकर्णी म्हणजे केवळ हिशेब लिहिणारा नव्हे. पाटील, रयत आणि सरकारी अंमलदार या तिघांच्या मध्ये बसून कोणाची बाकी किती, कोणाची शेतसीमा कोठवर आणि कोणाचे भांडण कशावरून पेटले याची नोंद ठेवणारा आणि ती ठेवताना कोणालाही पुरते न दुखावणारा तो माणूस असे. सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाचे, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांचे, बालपण अशा घरात गेले. तो लहान असतानाच सूर्याजीपंत वारले आणि घराची जबाबदारी थोरला भाऊ गंगाधर, ज्याला संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात, याच्यावर आली. जांबजवळच्या आसनगावी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायण निघून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र समर्थचरित्रातील पुष्कळसा तपशील ज्या हनुमंतस्वामींच्या बखरीतून येतो ती समर्थांच्या निधनानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली असल्याने, त्यातील संवाद आणि प्रसंग सावधपणेच वाचावे लागतात. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप आणि पुढे बारा वर्षे देशाटन असा चोवीस वर्षांचा काळ परंपरेने एकमुखाने मानला आहे.

घर सोडलेल्या माणसाला घरातले काय कळणार, असा आक्षेप येथे सहज सुचतो आणि दासबोधाचे तिसरे दशक वाचल्यावर तो टिकत नाही. दासबोधात वीस दशके असून प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दहा प्रकरणे आहेत. तिसऱ्या दशकातील सगुणपरीक्षेच्या समासांत एका सामान्य प्रपंचाची कथा जन्मापासून म्हातारपणापर्यंत सांगितली आहे: लग्न होताच मुलगा आईबापांपासून तुटतो, पुढे लेकरे वाढतात आणि घरातली लक्ष्मी निघून जाते, पोट भरण्यासाठी परमुलूख गाठावा लागतो, आणि अखेरीस ज्यांच्यासाठी जिवाचे रान केले ती मुलेच म्हाताऱ्याला जड समजू लागतात. वैराग्य उपजवणे हा या समासांचा हेतू उघड आहे. तरीही नाती कोठे आणि कशाने तुटतात याची एवढी जवळून केलेली पाहणी निव्वळ उपदेशकाच्या हातून होत नाही. दारोदार भिक्षा मागत, ओसरीवर बसून घरोघरची गाऱ्हाणी ऐकलेल्या माणसाची ती पाहणी आहे.

वर्तनाचे प्रत्यक्ष धडे दुसऱ्या दशकापासूनच सुरू होतात. पहिल्या समासातील मूर्खलक्षणांत मूर्ख कोणाला म्हणावे याची भली मोठी यादी असून तीत बुद्धी कमी असणाऱ्यांपेक्षा माणसांत वागण्याचे भान नसणारेच अधिक आहेत. दोघे जण बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा आणि दोन्ही हातांनी डोके खाजवणारा तिसरा माणूस त्यात आहे. विनाकारण हसणारा, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, आपल्या गावी हलाखीत राहून वाडवडिलांच्या कीर्तीच्या गोष्टी सांगणारा आहे. वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा आणि पुस्तक स्वतः न वाचता, दुसऱ्यालाही न देता बांधून ठेवणारादेखील आहे. डोके खाजवण्याचा तपशील नुसता विनोदाचा वाटला तरी त्यामागचे निरीक्षण अचूक आहे, कारण आपल्या येण्याने दोघांचे बोलणे थांबले हे ज्याच्या ध्यानातच येत नाही त्याचा देहही तसाच बेभान असतो. पुढच्या उत्तमलक्षणांच्या समासात वाट विचारल्याशिवाय जाऊ नये, फळ ओळखल्याशिवाय खाऊ नये अशा व्यवहारी सूचनांच्या रांगेतच तोंडाळाशी भांडू नये, सभेत लाजू नये, विचार केल्याशिवाय बोलू नये या सूचना येतात. जीव सांभाळणे आणि माणसे सांभाळणे यांत ग्रंथकर्त्याला फारसे अंतर दिसत नव्हते, असे यावरून म्हणता येते.

मात्र या निषेधांच्या यादीपेक्षा चौदाव्या दशकातील चातुर्यलक्षणांचा समास अधिक मोलाचा आहे. रूप आणि उपजत स्वभाव अभ्यासाने बदलत नाहीत, म्हणून माणसाने ‘आगांतुक’ गुणांची, म्हणजे मागाहून प्रयत्नाने अंगी आणता येणाऱ्या गुणांची कास धरावी, असे प्रतिपादन त्यात आहे आणि चातुर्य हे अशा गुणांतलेच मानले आहे. चारचौघांत वावरण्याचे कौशल्य जन्मजात नसून शिकता येते, हे आधुनिक प्रशिक्षणाचे गृहीतक येथे स्पष्ट शब्दांत आढळते. बाराव्या दशकाच्या शेवटी उत्तम पुरुषाचे वर्णन करताना आपले पोट भरल्यावर उरलेले अन्न वाटावे आणि ज्ञानाचेही तसेच करावे, दुसऱ्याच्या दुःखाने दुखावे, पुष्कळांचे अन्याय पोटात घालावे आणि परक्यांना आपलेसे करावे, असा विधायक भाग येतो. अठराव्या दशकाच्या शेवटच्या समासात तर वक्त्याऐवजी श्रोत्याचीच झाडाझडती आहे: कथेला बसून पेंगणारा, जांभया देणारा, देहाने समोर आणि मनाने भलतीकडे असणारा श्रोता कसा ओळखावा हे त्यात सांगितले आहे. एकोणिसाव्या दशकाचा आरंभ वळणदार, सुट्या आणि वाचणाऱ्याला सुख देणाऱ्या अक्षराच्या शिकवणीने होतो, आणि कुळकर्ण्याच्या घरचा संस्कार तेथे लपत नाही.

या शिक्षणाचा विद्यार्थी कोण होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर लहान मूल असे नाही. समर्थांना गावोगाव मठ स्थापून ते चालवणारे महंत तयार करायचे होते. महंत म्हणजे मठाचा प्रमुख. त्याला अनोळखी गावात जाऊन कीर्तन करावे लागे, गावातील तेढ ओळखून कोणत्याही एका पक्षाला न बांधता माणसे जोडावी लागत. भिक्षा ही त्याची प्रत्यक्ष कार्यशाळा होती, कारण मूठभर धान्याच्या निमित्ताने घर, घरातली माणसे आणि त्यांची मनःस्थिती पारखता येत असे. चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे तो याचसाठी. या शिक्षणाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. सासरी राहणाऱ्या जावयाला मूर्खांत बसवणारी आणि लेखन हे ब्राह्मणाचे काम मानणारी दृष्टी आपल्या काळाच्या व जातीच्या चौकटीतलीच होती. परंतु बालविधवा असलेल्या वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार मिळाला आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे आला, तेव्हा तीच चौकट निदान एका ठिकाणी सैल झाली.

पुढील काळात हे प्रौढांचे शिक्षण मुलांकडे उतरले. तिन्हीसांजेला दिव्यापुढे परवचा, म्हणजे रोजचे पाठांतर, म्हणणाऱ्या घरांत समर्थांच्याच मनाच्या श्लोकांनी जागा मिळवली, शाळांतून त्यांच्या पाठांतराच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि मूर्खलक्षणे ही वडीलधाऱ्यांच्या तोंडी मुलांना टोकण्यासाठी आयती सापडणारी भाषा बनली. या प्रवासात एक महत्त्वाची गळती झाली. ‘करू नये’ असे सांगणारा भाग पाठ झाला आणि दुसऱ्याचे अंतर कसे जाणावे, मतभेद असतानाही माणूस कसा राखावा, ऐकावे कसे, हे सांगणारा अकराव्या ते एकोणिसाव्या दशकांतील भाग बहुतांशी निरूपणकारांपुरता राहिला. जो ग्रंथ माणसाला सभेत न लाजण्यास सांगतो, त्याच्या आधारे मुलांना मोठ्यांपुढे गप्प बसवले गेले असेल, तर त्याचा दोष ग्रंथाकडे जात नाही.

मठांच्या व्यवस्थेतही असाच बदल घडला. चोवीस वर्षांनी जांबला परतून समर्थांनी आईची भेट घेतली असे परंपरा सांगते, पण ते तेथे राहिले नाहीत. श्रेष्ठांनी मात्र जांब सोडले नाही आणि प्रपंच सांभाळून ग्रंथरचनाही केली. १६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थांचे निधन झाल्यानंतर काही काळ शिष्यांनी कारभार पाहिला. पुढे चाफळ आणि सज्जनगड येथील समर्थांच्या मठांच्या संस्थानाची गादी श्रेष्ठांच्या नातवाला जांबहून आणून देण्यात आली, आणि प्रयत्नाने मिळवलेल्या गुणांवर उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचा अधिकार तेव्हापासून ठोसरांच्या वंशात जन्माने चालत राहिला.