हरिहरेश्वरमध्ये दुरुस्त केलेलं जुनं कौलारू घर घ्यायचंय? रंग पाहण्याआधी हे तपासा

जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे ओटी, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र. आत मात्र नवी फरशी, ॲटॅच बाथरूम आणि एसी. कोकणातल्या अशा 'रेडी टू मूव्ह' जुन्या घरांच्या जाहिराती आता मोबाईलवर सहज दिसतात.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर हे सावित्री नदीच्या मुखाजवळचं देवस्थानाचं गाव. अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला खुला झाला आणि मुंबईकरांची रायगडकडची वाट सोपी झाली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचीही चर्चा आहे. साहजिकच सेकंड होम किंवा होमस्टे म्हणून इथल्या जुन्या घरांकडे अनेकांचं लक्ष आहे.

पण दुरुस्त केलेलं घर म्हणजे नवं घर नव्हे. भिंत आणि छप्पर बदलता येतं. जमिनीचा प्रकार, वारसांचे हक्क आणि समुद्रापासूनचं अंतर मात्र रंगकाम करून बदलत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पुढच्या प्रश्नांची उत्तरं मिळवा.

घराचे मालक नेमके किती?

कोकणातल्या अनेक जुन्या घरांची गोष्ट सारखीच असते. आजोबांनी घर बांधलं, मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, मुली लग्न होऊन गेल्या. गावात राहिलेला एक भाऊ घर सांभाळतो, घरपट्टी भरतो आणि वीजबिलही त्याच्याच नावावर येतं. म्हणून तो एकटा मालक होत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो. त्यावर नाव असणं हा मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या घराचं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, झालं आहे का ते आधी विचारा. केंद्राच्या स्वामित्व योजनेतून 2020 पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करून अशी पत्रकं दिली जात आहेत.

मुलींचा हक्क विसरू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा प्रकरणातल्या निकालात स्पष्ट केलं. त्यामुळे "बहिणींनी तोंडी हक्क सोडलाय" या वाक्यावर विसंबू नका. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, नाहीतर खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात.

एकाच भावाचा हिस्सा विकत घेतला तर? मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 44 नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे दिले, पण घरात राहता येईना, अशी स्थिती होऊ शकते.

घर मिळेल, पण वाडी मिळेल का?

इथे बरेच जण फसतात. जाहिरातीत घर आणि वाडी एकच दिसतात, कागदावर त्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. घर गावठाणात आणि वाडी शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर, किंवा घरही शेतजमिनीवरच, असे दोन्ही प्रकार आढळतात.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मध्ये ही अट आहे. तुम्ही शेतकरी नसाल तर घराखालची जमीन गावठाणातली किंवा बिनशेती आहे का, हे आधी पाहा. वाडीचा लहान तुकडा तोडून घ्यायचा असेल तर तुकडेबंदी कायद्याचीही चौकशी तहसील कार्यालयात करा.

सातबाऱ्यावरचे दोन रकाने नीट वाचा. 'इतर हक्क' मध्ये कुळाचं नाव, कर्जाचा बोजा किंवा वहिवाटीचा हक्क नोंदलेला असू शकतो. 'भूधारणा पद्धती' मध्ये भोगवटादार वर्ग 2 असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. देवस्थान इनाम अशी नोंद दिसली तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

समुद्र किती जवळ आहे?

'सी टच' हा शब्द जाहिरातीत छान वाटतो. कायद्यात मात्र तो अडचणीचा असतो. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येतो.

2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन प्रकार आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, आणि इतर भागात 200 मीटर, हा ना-विकास पट्टा ठरतो. तुमचं घर कुठल्या रेषेच्या आत येतं, हे मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहा.

ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. पण आधीचं जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढवता येत नाही. म्हणून विकणाऱ्याला विचारा: मूळ घर केवढं होतं? मागची नवी खोली, वरचा मजला किंवा गच्ची कुठल्या परवानगीने बांधली? जुना नमुना 8, जुने फोटो आणि सध्याचं मोजमाप जुळत नसेल तर ते वाढीव बांधकाम विकत घेताना धोकाही तुम्हीच विकत घेताय.

रंगाखाली काय दडलंय?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन तालुक्यात घरांची छपरं उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. घर त्या आधीचं असेल तर नुकसानीचा पंचनामा झाला होता का, हे विचारा. असल्यास त्यात तेव्हाची पडझड कळेल आणि घर कोणाचं म्हणून नोंदलं होतं हेही कळेल.

मग घर स्वतः तपासा:

• छप्पर: माळ्यावर टॉर्च घेऊन चढा. आढं, वासे, रीप जुनेच आहेत की लोखंडी चॅनेल घातलेत? खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं.
• लाकूड: भिंतीत शिरणारी तुळईची टोकं सगळ्यात आधी कुजतात. तिथे टोकदार वस्तूने टोचून पाहा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे.
• भिंती: जांभा ओलावा शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट असेल तर ओल आत अडकते. खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे किंवा पांढरे डाग आहेत का ते बघा.
• पाणी: विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का आणि ते मचूळ होतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. नवी शौचटाकी विहिरीपासून किती लांब आहे तेही पाहा.

शक्य असेल तर जुलैमध्ये, भर पावसात घर बघा. डिसेंबरमध्ये प्रत्येक घर कोरडंच दिसतं.

रेराचं संरक्षण मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना रेरा नोंदणीची सक्ती नाही. एकट्या जुन्या घराच्या पुनर्विक्रीत तर बिल्डरच नसतो. दुरुस्तीच्या दर्जाची हमी हवी असेल तर ती करारातच लिहून घ्यावी लागेल.

व्यवहाराचा क्रम काय ठेवाल?

1. सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक आणि नमुना 8 स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका.
2. वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.
3. सरकारी मोजणी करून हद्द आणि वहिवाटीचा रस्ता निश्चित करा.
4. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा.
5. त्यानंतरच विसार द्या आणि दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवा. नंतर फेरफार करून आपलं नाव लावून घ्या.

नोटरी केलेला करार किंवा कुलमुखत्यारपत्र म्हणजे खरेदी नव्हे. केवळ अशा कागदांवर मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे.

या सगळ्याला काही महिने लागू शकतात. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणून कोणी घाई करत असेल, तर त्या गिऱ्हाइकाला पुढे जाऊ द्या. एखाद्या बहिणीची सही राहून गेली, तर ते घर तुमच्या हयातीत कोर्टातून सुटेल याची खात्री नाही.